पंचविसावा भागाकार

फार पूर्वी, ज्याचे पाढे पाठ त्याला दरबारात मान, अशा काळी एका राज्यात एक गणिती होता. हुशार होता, पण जरा उतावळा.

तिथल्या राजाला सगळे नीटनेटके लागे. शंभर ओळींत शंभर-शंभर लावायला त्याने माळिणीकडून सोनचाफ्याची दहा हजार रोपे करवून घेतली. बिचारीने ती दोन वर्षे पोटच्या पोरांसारखी जपली, तरी नऊ रोपे थंडीने गेली. उरली नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव. राजाचा पारा चढला. तो म्हणाला, सारख्या ओळींत बसली, एकही वर उरले नाही, तरच रोपे बागेत लागतील; नाहीतर ती फेकून द्यायची आणि माळिणीने दुसरीकडे काम बघायचे. सगळी एकाच ओळीत लावू म्हणाल तर ते कुंपण झाले, बाग नव्हे.

काम गणितीकडे आले. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार, आणि ही संख्या त्याहून लहान. तेव्हा ती भागली जायची असेल, तर शंभराच्या आतल्या एखाद्या मूळसंख्येने जायलाच हवी. अशा मूळसंख्या पंचवीस. दोन, तीन, पाच असे करत त्याने एकोणनव्वदपर्यंत चोवीस भागाकार केले. दरवेळी बाकी उरली. राहिली फक्त सत्त्याण्णव. पण हात दुखून आला होता आणि घरून जेवणाचा निरोप दोनदा येऊन गेला होता. चोवीस वेळा उरलेली बाकी आता कुठे जाते, असे म्हणत त्याने पाटी पुसली.

ही संख्या भागलीच जात नाही, असे त्याने दरबारात ठासून सांगितले. राजाने त्याला शाल दिली आणि माळिणीला संध्याकाळपर्यंतची मुदत.

बाहेर माळीण उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते. ती शिव्याशाप देईल असे गणितीला वाटले, पण तिने हात जोडले.

"शास्त्रीबुवा, तुम्ही सगळं तपासलंत ना, मग माझी तक्रार नाही."

'हो' म्हणून निघून जाणे सोपे होते. पण एक भागाकार राहिलाच होता. तो तिथेच मातीत बसला आणि बोटाने मांडू लागला. सत्त्याण्णव गुणिले शंभर, नऊ हजार सातशे. उरले दोनशे एक्क्याण्णव. सत्त्याण्णव त्रिक दोनशे एक्क्याण्णव. बाकी शून्य. एवढ्याशा गणितापायी आपण हिची भाकरी तोडत होतो, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली.

मातीवरून हात फिरवला असता तर कोणाला काही कळले नसते. तो मात्र तसाच दरबारात परतला.

"महाराज, मी चोवीस भागाकार केले आणि पंचवीस केल्यासारखं बोललो. सत्त्याण्णव ओळी करा, प्रत्येकीत एकशे तीन रोपं. एकही उरणार नाही."

राजाने शाल परत घेतली, दरबारातली जागाही काढून घेतली. चाफा मात्र लागला आणि माळिणीचे काम टिकले.

गणिती गावात पाढे शिकवू लागला. कोणी काही विचारले की तो पुष्कळदा म्हणे, "अजून पाहिलं नाही." म्हणूनच तो कधी "नाही" म्हणाला, की राजासुद्धा दुसऱ्या कोणाला विचारत नसे.

तात्पर्य: आपल्याला सापडले नाही म्हणजे ते नाहीच, असे नव्हे; शेवटपर्यंत न पाहता दिलेला निकाल दुसऱ्याच्या मुळावर येतो.