उंदराची काचपट्टी

“म्हणजे सर, तुम्हाला डाग दिसतच नाही का?”

“दिसतोय. कशाचा आहे, ते विचारतोय.”

मुजावर सरांनी मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं. समोर त्यांचा शिष्य, शार्दूल खैरमोडे. मान ताठ.

“कंपवाताच्या प्रथिनाचा! दुसऱ्या कशाचा? ही अँटीबॉडी त्या एकाच प्रथिनाला चिकटते, आणि चिकटते तिथे तपकिरी डाग उठतो. बाटलीवर लिहिलंय.”

“बाटलीवर...”

सर पुटपुटले.

शार्दूलला ते झोंबलं. गावभर मिरवून झालं होतं त्याचं. काचेवरचा मेंदूचा काप होता तुळसाबाईच्या नवऱ्याचा. तो कंपवाताने थरथरत, लाळ गाळत मेला. दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून बाईने त्याचा मेंदू प्रयोगशाळेला दिला. मढं पुरतं जाळलं नाहीस म्हणत भावकीने तिच्या हातचं पाणी पिणं सोडलं. आज ती बाहेर बाकावर बसली होती. रोगाचं मूळ सापडलंय, या, असं शार्दूलनेच कळवलं होतं.

सरांनी दुसरी काचपट्टी पुढे सरकवली.

“हिच्यावर तुझीच अँटीबॉडी घातलीय. बघ.”

शार्दूलने बघितलं आणि हसला.

“अहो, हा तर माझ्यापेक्षा गडद! केवढा आजारी असेल हा माणूस!”

“उंदीर आहे.”

“बरं, उंदीर. आजारी उंदीर.”

“ठणठणीत होता. ते प्रथिन त्याच्या अंगात जन्मापासूनच नाही, मुद्दाम तसा जन्माला घातलाय.”

“मग हा डाग कसला?”

“मघापासून मी काय विचारतोय?”

शार्दूलचं तोंड उतरलं. अँटीबॉडी भलत्याच कशाला तरी चिकटत होती. मग तो चिडला.

“सगळे हीच बाटली वापरतात, सर. असला उंदीर कुणी बघत नाही. तरी छापून येतंच ना?”

त्याने उंदराची काचपट्टी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यावर धरली.

सरांनी त्याचं मनगट पकडलं. काचपट्टी काढून घेतली.

तेवढ्यात दार ढकलून तुळसाबाई आत आली.

“सापडलं ना रे बाबा? एकदा दाखव. भावकीच्या तोंडावर जाऊन सांगते.”

शार्दूलने सरांकडे पाहिलं. मग त्याने हळूच तिच्या नवऱ्याची काचपट्टी उचलली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली.

सरांनी ती बाहेर ओढली. बाईला खुर्ची दिली.

“नवरा नको. बाईंना उंदीर दाखव.”