आवडूबायचा चिखल

रिकामी जागा म्हनतो तुमचा सायब! येऊ दे त्याला हितं, दाखवतो रिकामी कशी असते ती. 'चिखल, वापरात नाही' असं कागदावर लिवलंय त्यानं. वापरात नाय, मंग आमच्या बाया रोज पानी ओसरलं की तिकडं कंबर मोडून काय फुगड्या घालतात? ओ भाऊ, थांबा. ती टेप गुंडाळा आधी. पाय टाकू नका पुढं.

खाडीच्या वळनावर हा काळा पट्टा दिसतो ना, म्हशीच्या पाठीवानी चकाकतो तो, त्याला आवडूबायचा चिखल म्हनतात. ह्यात फावडं चालत नाय. का चालत नाय ते ऐका, मंग काय मापायचं ते मापा.

माझ्या आज्याच्या आज्याच्याही आधीची गोष्ट, असं सांगतात. लागोपाठ दोन वरसं मासळी खाडीत शिरलीच नाय. गडी पहाटे जाळी घेऊन जायचे आन शेवाळ घेऊन यायचे. आवडू ह्याच गावची सून. नवरा वादळात गेला, पदरात दोन पोरी. नवरा गेला म्हंजे होडीतला वाटा गेला. राह्यला तो हा चिखल. सुकती लागली, पानी ओसरलं की फळी घ्यायची, तिच्यावर पालथं पडायचं, पायानं रेटत आत जायचं आन हातानं चाचपून तिसऱ्या, म्हंजे जित्या शिंपल्या, काढायच्या. मोठ्या पाटीत, नखाएवढ्या परत चिखलात. सासूनं शिकवलेलं तिला. त्या दोन वरसात अख्खं गाव बायांच्या पाटीवर जगलं. गडी खायचे, पन वर बघायचे नाय. लाज वाटायची म्हने.

तवा पल्याडच्या डोंगरावर गढीचं बांधकाम निघालं. बांधकामाला चुना पायजे, आन चुना शिंपल्या भाजून व्हायचा. कारभाऱ्याचा सांगावा आला, शिंपल्या आना, भात न्या. काठावरच्या मेलेल्या शिंपल्या आठ दिसांत संपल्या. मंग गावकी बसली आन ठरलं, चिखल फावड्यानं उपसायचा, जित्या तिसऱ्यांसकट भट्टीत घालायच्या. गावकीत बाया बसत नसत. ज्यांचं पोट चिखलात, त्यांना कुनी इचारलंच नाय.

आवडूला कळलं तशी ती अंगावर चिखल घेऊनच गावकीत शिरली. तिचा दीर भिवा तांडेल, होडीवरचा म्होरक्या, मधोमध बसलेला.

"भावजी," ती म्हनली, "फावडं घालू नका. खाली तिसऱ्यांचं बी हाय. ते भाजलंत तर पुढल्या साली पोरं काय चाटतील?"

"वैनी, चूल तुमची, खाडी आमची. जा घरी."

"खाडी तुमची, तर दोन वरसं मासळी कुठं पळाली तुमची?"

मागनं कुनीतरी खिदळलं. भिवाच्या ते वर्मी लागलं. "उद्याच्या सुकतीला फावडं लागनार," म्हनला. "बघतो कोन अडवतं."

दुसऱ्या दिशी गडी फावडी घेऊन काठावर आले, तर आवडू आधीच चिखलाच्या मध्यावर. फळी तिनं मागं ढकलून दिली, बायांच्या हाती. आन तिथंच बसली, कंबरेपर्यंत रुतून. बायांना तिनं खाडीची शपथ घातली, "गड्यांनी फावडी खाली ठेवली की फळी आना. त्याच्या आधी आनाल तर माझं मेलेलं तोंड बघाल."

हितं गड्यांची चूक झाली. त्यांना होडीखालचं पानी कळतं, चिखल कळत नाय. चिखलात ते कधी उतरलेच नव्हते. बायकांचं काम ना ते! त्यांना वाटलं, भरती आली की उठेल आपसूक. काठावर बसून तंबाखू मळत राह्यले. पन चिखलात बसलेला मानूस फळीबिगर उठत नाय. जितका हालेल तितका आत जातो.

पानी छातीला आलं. बाया वरडायला लागल्या, "मुडद्यांनो, फावडी टाका! तिला उठता येत नाय!"

"नाटकं," भिवा म्हनला. "उठेल."

पानी गळ्याला आलं. आवडू उठली नाय. तवा भिवा उठला. फावडं भिरकावलं आन धावला, गडी धावतो तसा, उभ्यानं. चौथ्या पावलाला मांडीपर्यंत गेला आन तोंडावर पडला. नाकातोंडात पानी.

बाकीची फावडी पडली तशा बाया फळ्या घेऊन निघाल्या. व्हत्या पाचच. एक मानूस ओढायला पाचही लागतात. आवडूनं ते वळखलं.

"आधी त्याला काढा," ती म्हनली.

"गं बाय, असं नको गं बोलू!"

"त्याची होडी हाय. माझ्या पोरींना तो खायला घालील. मला कोन होडीत घेनार हाय?"

बायांनी भिवाला ओढला. रडत, शिव्या घालत ओढला. त्याला काठावर टाकून मागं वळल्या, तर नुसतं पानी.

तुम्हाला वाटेल, मंग गडी सुधरले. काय नाय सुधरले! भूक व्हती. तिसऱ्या दिशी निम्मा चिखल उपसला आन भट्टी पेटवली. तीन दिस भट्टी धगधगत व्हती म्हने. उघडली तर शिंपल्या तशाच, तोंडं मिटलेल्या. एक फोडली तर आतनं गार खारं पानी निघालं. कारभाऱ्याची मानसं त्याच पावली पळाली. गड्यांनी त्या शिंपल्या डोक्यावर घेऊन परत चिखलात नेल्या, पन त्या काही रुजल्या नाय. निम्मा चिखल बारा वरसं मुका राह्यला. भिवानं पोरींना खायला घातलं, खोटं का बोलू? पन धाकटी त्याच पावसाळ्यात गेली. थोरली जगली. तिची आम्ही वंशावळ.

आजही नारळी पुनवेच्या आधल्या सुकतीला गावातला झाडून सगळा गडी, होडीचा मालक असो नायतर खलाशी, फळीवर पालथा पडून चिखलात जातो. काठावर बाया बसतात. सगळ्यात म्हातारी जी असेल, तिला इचारायचं, "बाय, होडी लोटू का?" ती 'लोट' म्हनेपर्यंत तसंच पडून राहायचं. गेल्या साली आम्ही बारीक आसाची, मासळीची पिल्लंही धरनारी जाळी आनली व्हती, तर तिनं दुपारपर्यंत बोलायचं नाव घेतलं नाय. जाळी परत केली, तवा उठलो. पोटाची सालटी निघाली.

आन आता बघा. वरनं कारखान्याचं पानी येतं, तिसऱ्या तोंड उघडून मरतात. बायांना एक पाटी भरायला दोन सुकत्या लागतात. त्यात तुम्ही हितं भराव घालनार, धक्का बांधनार. गावाची सही घ्यायला माझ्याकडं आलात, का तर मी होडीवाला.

मला काय इचारता? तिकडं दगडावर पाटी घेऊन बसलीय ती सोनाबाय म्हातारी. ही घ्या फळी. कपडे खराब होतील, होऊ द्या. पालथे पडा, आन जाऊन तिला इचारा.