कोरडा पूल

पूल चांगला धडधाकट आहे, तरी रविवारी प्रार्थनेला येणारी इथली माणसं जोडे हातात घेऊन ओढ्यातून येतात. भर बर्फातसुद्धा! पाहुणे हसतात, वेड लागलंय का हो यांना, म्हणतात. हसा बापडे, पण आधी ऐका.

साडेतीनशे वर्षांमागे, म्हणे, अमेरिकेचा हा किनारा ज्यांच्या हाती होता, ते स्वतःच इंग्लंडच्या राजाच्या जाचातून पळून आले होते. देवाला आपल्या रीतीने भजता यावं म्हणून. पण सासुरवास सोसलेली सूनच पुढे खाष्ट सासू होते ना, तसं झालं. वेगळ्या रीतीने प्रार्थना करताना कोणी सापडला, की त्याचे कान कापायचे आणि बर्फात हाकलून द्यायचं. म्हणून टॅबिथा नावाची एक बाई आणि तिच्यासारखीच प्रार्थना करणारी पंधरा-वीस माणसं रानातल्या पडक्या पाणचक्कीत लपून जमत. ओढा थेट चक्कीच्या भिंतीला लागतो, आणि पाण्यात पाऊल उमटत नाही, म्हणून सगळे ओढ्यातूनच येत.

त्या रविवारी टॅबिथा सगळ्यांच्या मागे होती. नवरा एनॉक तान्ह्या लेकीला घेऊन पुढे गेला होता. चक्कीच्या अलीकडे काठावरच्या बर्फात तिला बुटांचे दहा-बारा ठसे दिसले. मागे शिपायांची कुत्री भुंकत होती.

ती धावत चक्कीत शिरली.

"पाय बधिर झाले गं," एनॉक रडकुंडीला आला. "पोर हातातून निसटली असती. म्हणून जरासा काठावर चढलो."

"बूट काढ."

"मी जातो, टॅबी."

"तुझ्याने चार पावलं चालवणार नाहीत! काढ म्हणते ना!"

बर्फातले ठसे पुसले, तर पुसल्याची खूण राहते. तिने लेकीचा मुका घेतला. सोडवेना तिला, पण सोडलं. ओढ्यातून माघारी येऊन तिने ते ढगळ बूट चढवले आणि शेवटच्या ठशावर पाय ठेवून रानात उलट्या दिशेला चालू लागली. देवा, माझं काय वाटेल ते कर, पण त्यांना माझ्याच मागे आण, एवढंच म्हणत होती म्हणे.

शिपाई आले ते त्याच मागावर गेले. ठसे गोठलेल्या तळ्यावर उतरले होते. मधोमध बर्फ फुटला होता, आणि पुढे ठसा नव्हता. सापडायचा तो बुडाला, असं म्हणून ते परतले. चक्कीकडे कोणी फिरकलंच नाही.

ती लेक जगली, म्हातारी झाली. तिनेच हा पूल बांधून घेतला, असं सांगतात, आणि एक अट घातली. आजही या पुलावरून फक्त कडेवर लेकरू असलेला माणूस जातो. बाकी सगळे ओढ्यातून.