लाल दोऱ्याच्या सात मिरच्या

फार वर्षांपूर्वी, घाट उतरून बैलगाड्या सपाटीला लागल्या की जे पहिलं गाव यायचं, त्या गावात एक खानावळ होती. ती चालवायची धुरपदाबाई. खानावळीच्या मागे परस होतं आणि तिथं भाजीपाला पिकवायचा तिचा नवरा म्हादबा. ती दहा माणसांचं बोलायची, तो अर्ध्या माणसाचं बोलायचा, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

खानावळीत भाकरी, भरीत, पिठलं, सगळं मिळायचं. पण गाडीवान थांबायचे ते ठेच्यासाठी. म्हादबाच्या परसात एक मिरची व्हायची, करंगळीएवढी, टोकाला जराशी वाकडी. गावानं तिचं नाव ठेवलं होतं रडवी. रडवीचा ठेचा भाकरीवर घेतला की आधी गोडसर वास यायचा, मग जिभेला चटका बसायचा, मग कान तापायचे, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच माणूस खदखदा हसायला लागायचा. का हसतो, ते त्याला सांगता यायचं नाही. विचारलं तर तो आणखी एक भाकरी मागायचा.

म्हादबाच्या घराण्यात बियाची एक रीत होती. हंगाम भरात आला की परसातली सगळ्यांत चांगली झाडं हुडकायची आणि त्यांना लाल दोरा बांधायचा. दोऱ्याच्या झाडाची मिरची कोणी तोडायची नाही. ती झाडावरच लाल होऊन सुरकुतली की उतरवायची, बी काढायचं आणि राखेत घोळवून भोपळ्याच्या तुंब्यात भरून ठेवायचं. वांग्याचं तेच, दोडक्याचं तेच. आणि ही झाडं निवडायची ती पोटभर जेवून. उपाशी माणसाच्या डोळ्याला फक्त आजचं ताट दिसतं, असं म्हादबाचा बाप सांगायचा. म्हणून त्या दिवशी म्हादबा चार भाकऱ्या खायचा, ढेकर द्यायचा आणि मग दोरा घेऊन परसात जायचा.

धुरपदाबाई त्याला हसायची. "बी निवडायला निघालाय का कुस्ती खेळायला?" असं विचारायची. म्हादबा नुसता मान हलवायचा आणि कामाला लागायचा.

एका वर्षी शेजारच्या गावची जत्रा होती. आदल्या दिवशी दुपारी पंचवीस गाड्या खानावळीपुढे सुटल्या. धुरपदाबाईच्या टोपलीतल्या मिरच्या बघता बघता संपल्या. ती परसात गेली तर साध्या झाडांवर मिरचीच नव्हती, आणि दोऱ्याची झाडं मात्र लगडलेली होती. तिनं पदर खोचला आणि तोडायला सुरुवात केली.

"अगं, ती बियाची हाय," म्हादबा म्हणाला.

"गिऱ्हाईक दारात उपाशी, आन् तुमची मिरची झाडावर नटून बसलीया," धुरपदाबाई म्हणाली. "बी काय फकस्त मोठ्या मिरचीतच असतंय व्हय? बारक्या मिरचीत बी असतंयच की."

हे खोटं नव्हतं. बारक्या मिरचीतही बी असतंच. बायकोशी वाद घालायची म्हादबाला सवय नव्हती. त्यानं रिकाम्या झाडांवरचे दोरे सोडले आणि खिशात ठेवले.

हंगाम सरताना झाडांवर जे वेडंवाकडं, किडकं, उशिरा धरलेलं राहिलं, त्याचं बी धुरपदाबाईनं काढलं. तुंबा पूर्वीपेक्षा जास्तच भरला. तिनं तो नवऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बघा, काय बिघडलं?"

पुढच्या वर्षी खरंच काही बिघडलं नाही. मिरची तशीच आली, ठेचा तसाच झाला, गाडीवान तसेच रडले. चूक केल्या केल्या थोबाडीत बसली असती तर जगात सगळेच शहाणे झाले असते. धुरपदाबाईला वाटलं, दोरा म्हणजे सासऱ्याचं एक खूळ होतं. मग चांगलं ते रोज चुलीपुढे यायला लागलं आणि उरलेलं तुंब्यात जायला लागलं. वांगी, दोडकी, सगळ्यांचा हाच प्रकार सुरू झाला.

दुसऱ्या वर्षी मिरची जरा आखूड आली. धुरपदाबाई म्हणाली, पाणी कमी पडलं. तिसऱ्या वर्षी वास गेला. तेव्हा ती म्हणाली, खत कमी पडलं. चौथ्या वर्षी नेहमीचा एक म्हातारा गाडीवान जेवायला बसला. त्यानं ठेच्याचा भलामोठा गोळा भाकरीवर घेतला, खाल्ला, आणि त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. तो बिचारा भला माणूस. खाली बघत हळूच म्हणाला, "काकू, जरा लोणचं हाय का?"

धुरपदाबाईनं त्याला लोणचं वाढलं. मग ती चुलीपुढे जाऊन बसली आणि रडली. त्या खानावळीत मिरचीवाचून कोणी रडल्याची ती पहिलीच वेळ होती. म्हादबा परसातून आला आणि शेजारी बसला.

"म्या खाल्ली तुमची रडवी," ती म्हणाली. "पिढ्यान् पिढ्या जपलेला वाण म्या चार वर्सांत संपवला."

"म्या बी गप बसलो की," म्हादबा म्हणाला. "तू तोडत हुतीस तवा बोलाया पायजे हुतं. दोघांचं बी चुकलं. आता ऊठ आन् मला वाढ."

"आता जेवन सुचतंय तुमाला?"

"भुकेल्या पोटी झाड हुडकू नये," म्हादबा म्हणाला. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. तिनं त्याला चार भाकऱ्या वाढल्या आणि या खेपेला ती हसली नाही.

दोघं परसात उतरली. एकेका झाडापुढे म्हादबा उकिडवा बसे, पान उलटून बघे, मिरची हुंगे आणि पुढे सरके. सगळा मळा संपत आला. पाटाच्या अगदी टोकाला एक झाड होतं, जरा काळपट पानाचं. त्याला आठ मिरच्या होत्या, करंगळीएवढ्या, टोकाला वाकड्या. म्हादबानं एक तोडून तोंडात टाकली. क्षणभर काही झालं नाही. मग त्याचे कान लाल झाले, नाक वाहायला लागलं आणि त्याला अशी उचकी लागली की तांब्याभर पाणी पिऊनही थांबेना.

"घावली," तो उचक्यांच्या मधून म्हणाला. आनंदानं धुरपदाबाईला काय करावं सुचेना. तिनं स्वतःच्या हातानं त्या झाडाला लाल दोरा बांधला. आता जगात रडवीच्या सातच मिरच्या उरल्या होत्या.

त्या मिरच्या लाल व्हायला लागल्या आणि नेमका त्या वेळी राजा घाट उतरून आला.

राजाबरोबर वीस घोडेस्वार होते आणि एक कारभारी होता. राजा खानावळीपुढे उतरला आणि म्हणाला, "बाई, लहानपणापासून तुमच्या ठेच्याबद्दल ऐकतोय. आज भूकही सपाटून लागली आहे. ठेचा आणि भाकरी वाढा."

धुरपदाबाईनं टोपलीकडे बघितलं. टोपलीतल्या पुचाट मिरच्यांचा ठेचा वाढावा, तर राजाच्या तोंडून खानावळीचं नाव गावोगाव बुडणार. दोऱ्याच्या सात मिरच्या तोडाव्यात, तर राजा खूश होणार, पण रडवी कायमची जाणार. आणि राजाला नाही म्हणावं, तर काय होईल याचा विचारच तिला करवेना. म्हादबा परसाच्या दारात उभा होता. या खेपेला तो वाटेतून हलला नाही. परसात जायचं असतं तर तिला त्याला बाजूला सरा म्हणावं लागलं असतं.

धुरपदाबाईनं हात जोडले. "महाराज, ठेचा आज न्हाई. बाकीचं समदं हाय."

कारभारी उसळला. "राजाला नाही म्हणतेस? परसात मिरचीचं झाड मला इथून दिसतंय. लाल झालेल्या मिरच्या आहेत त्याला."

"हायत की," धुरपदाबाई म्हणाली. "आन् त्या महाराजांच्याच हायत. पर महाराजांनी आधी जेवावं. जेवून उठल्यावर परसात यावं आन् सोताच्या हातानं तोडाव्यात. म्या अडवनार न्हाई."

राजाला ही अट गंमतशीर वाटली. तो मांडी घालून बसला. धुरपदाबाईनं तव्यावरची गरम भाकरी वाढली, लसणीची फोडणी दिलेली मेथी वाढली, निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत वाढलं, वर कच्चा कांदा आणि शेंगदाण्याचं कूट. पिठलं वाढलं, ताक वाढलं. वांगी पूर्वीसारखी राहिली नव्हती, पण हात तोच होता. राजा बोलायचा थांबला आणि जेवायला लागला. चौथ्या भाकरीला त्यानं कमरेचा शेला सैल केला. पाचवीला तो नको नको म्हणाला आणि अर्धी खाल्ली.

मग हात धुऊन तो परसात गेला. धुरपदाबाईनं त्याला ते झाड दाखवलं आणि सगळं खरं सांगितलं. दोऱ्याची रीत सांगितली, आपण ती कशी मोडली ते सांगितलं, म्हाताऱ्या गाडीवानानं लोणचं मागितलं तेही सांगितलं. एकही गोष्ट तिनं नवऱ्यावर किंवा पावसापाण्यावर ढकलली नाही. मग ती बाजूला झाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

राजानं एक मिरची दोन बोटांत धरली, खालीवर करून बघितली आणि सोडून दिली.

"पुन्हा पहिल्यासारखी व्हायला किती दिवस लागतील?" त्यानं विचारलं.

"तीन वर्सं," म्हादबा म्हणाला.

"उपाशी पोटी या झाडापाशी आलो असतो तर सातही खाल्ल्या असत्या आणि वर आठवी का नाही म्हणून भांडलो असतो," राजा म्हणाला. "कारभारी, लिहून ठेवा. तीन वर्षांनी याच वाटेनं यायचं."

कारभाऱ्यानं तोंड वाकडं करून लिहून घेतलं.

सात मिरच्यांचं बी राखेत घोळवून तुंब्यात गेलं. पुढच्या वर्षी त्याची रोपं लावली. सगळीच रडवीची निघाली असं नाही. काही अशी, काही तशी. म्हादबा पोटभर जेवला आणि त्यानं चार झाडांना दोरा बांधला. गाडीवान विचारायचे, "काकू, ठेचा?" धुरपदाबाई म्हणायची, "पेरलाय. तवर लोणचं खावा." तेही हसायचे आणि खायचे. एक-दोघं तर जेवण झाल्यावर परसात जाऊन झाडं बघून यायचे आणि आपलीच असल्यासारखी त्यांची बातमी पुढच्या गावाला सांगायचे. दुसऱ्या वर्षी दोऱ्याची झाडं वीस झाली. त्यातलीही एक मिरची कुणी तोडली नाही.

तिसऱ्या वर्षी मळा भरला. राजा बोलल्याप्रमाणे आला. तो उंबऱ्याशी पोचला तेव्हा धुरपदाबाईनं तव्यावर मिरच्या आणि लसूण टाकला होता. असा ठसका उठला की वीस घोडेस्वार शिंकत शिंकत अंगणाबाहेर पळाले. कारभाऱ्याचं पागोटं शिंकेसरशी उडालं आणि हौदात पडलं.

राजा पाटावर बसला. धुरपदाबाईनं तव्यातच तांब्याच्या बुडानं ठेचा रगडला, मीठ घातलं, गरम भाकरी घेतली आणि पहिला गोळा तिच्यावर ठेवला. भाकरी घेऊन ती राजाच्या पुढ्यात आली, आणि तशीच पुढे निघून दाराशी बसलेल्या म्हादबाकडे गेली.

"महाराज, जरा दम धरावा," ती म्हणाली. "ही भाकरी ह्यांची हाय. सात वर्सं झाली, ह्यांनी मला येक शबूद लावला न्हाई."

कारभारी काहीतरी बोलणार होता, पण राजानं हात वर केला.

म्हादबानं भाकरी घेतली. तिचे दोन तुकडे केले, ठेचाही निम्मा निम्मा केला आणि एक तुकडा बायकोच्या हातावर ठेवला.

"तू बी खा," तो म्हणाला. "सात वर्सांत तू बी खाल्ली न्हाईस."

खानावळीत सगळ्यांना वाढणाऱ्या धुरपदाबाईला आजवर आपल्याला कोणी वाढल्याचं आठवत नव्हतं. तिनं घास घेतला. म्हादबानंही घेतला. दोघांचे कान लाल झाले, दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग दोघं नवरा-बायको राजापुढे बसून पोट धरून हसायला लागली. थांबेचनात.

राजा आपला रिकाम्या ताटापुढे बसून एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा तव्याकडे बघत होता. शेवटी अगदी लहान पोरासारखा म्हणाला, "बाई, आता मला मिळेल का?"

तात्पर्य: चांगलं ते आज खाऊन उरलेलं उद्यासाठी ठेवलं, तर उद्याही उरलेलंच वाट्याला येतं, म्हणून ताट कसंही भरावं, पण पेरायला हाताशी असेल त्यातलं सगळ्यांत चांगलं ठेवावं.