शेंड्यावर उभा पलंग

"मग आईला फिरवतं कोण, आबा?"

विलासनं हे तिसऱ्यांदा विचारलं. केरबा मेस्त्री पलंगाकडे बघत होते.

पलंग विलासनं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः केला होता. परड्यातला फणस, चार वर्षं वाळवलेला. खिळा एकही नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. कुणालाही अभिमान वाटावा असं काम होतं, आणि विलासला तो जरा जास्तच होता. सात वर्षं मेस्त्रींच्या हाताखाली काढल्यावर, आता शिकण्यासारखं काही उरलं नाही, असं तोंडावर सांगून तो बाहेर पडला होता. त्यानंतर गुरूची पायरी चढला तो थेट काल, आणि तोही घाबरून.

त्याची आई, हौसाबाई, दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. पक्षाघाताच्या झटक्यानं सगळं अंग गेलं, वाचा गेली. बोटसुद्धा हलत नव्हतं. तिला या नव्या पलंगावर निजवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर डोकं पायथ्याला आणि पाय उशाला.

आधी त्यानं शेजारच्या अक्काताईवर संशय घेतला. ती बिचारी रोज आईला पेज भरवायला यायची, तिचं येणं त्यानं बंद केलं. मग खोलीला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या खिशात. दुपारी कुलूप काढलं...

आई फिरलेलीच.

"एखाद्या दिवशी खाली पडंल," विलास म्हणाला. "मग मीच तिला मारल्यासारखं हुईल. तुमी सांगा, न्हाईतर हा पलंग फोडून चुलीत घालतो."

हौसाबाई पलंगावरच होती; सकाळी विलासनं तिचं डोकं पुन्हा उशाला आणून निजवलं होतं. मेस्त्री गुडघे टेकून पलंगाखाली शिरले. विलास बॅटरी धरून त्यांच्या मागं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि पलंगाच्या एका पायावरून तळहात वरून खाली फिरवला. मग खालून वर. चारही पायांना तसंच केलं.

"बुंधा वर घेतलास."

विलासनं मान्य केलं. पाय वरून जाड, खाली निमुळते कातायचे होते. बुंध्याकडची जाड बाजू वर घेतली की लाकूड वाया जात नाही, एवढाच त्याचा हिशेब. झाड जसं उभं होतं तसंच उभं करायचं, बुंधा खाली आणि शेंडा वर, हे मेस्त्रींनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. विलासला ती म्हाताऱ्यांची समजूत वाटायची.

"मेलेलं लाकूड हाय, आबा. त्येला वरचं काय नि खालचं काय?"

"मेलंय, हे कुनी सांगितलं तुला? उलटं उभं केलं की त्ये सुलटं व्हायला बघतंय."

विलासनं बॅटरी पलंगाच्या पायावर धरली.

तेवढ्यात वर, त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर, काहीतरी सरकलं. फार हळू. सारवलेल्या जमिनीवरून भरलेलं पोतं ओढत न्यावं तसं.

मग थांबलं.

दोघं बाहेर आले. हौसाबाईचं डोकं पायथ्याला होतं. चादरीवर एक सुरकुती नव्हती.

विलास भिंतीला टेकला. परवापर्यंत नवे पाय कातून बसवतो, बुंधा खाली घेऊन, असं तो घाईघाईनं सांगू लागला. ते बसवले की हे थांबेल ना, एवढंच त्याला हवं होतं.

"थांबंल," मेस्त्री म्हणाले. "पुन्यांदा जागची हलायची न्हाई ती."

विलासनं सुटकेचा निःश्वास टाकला. पण मेस्त्री हौसाबाईच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून त्यानंही बघितलं.

तिच्या कपाळावर घाम होता. छाती भराभर वरखाली होत होती, लांबून चालत आलेल्या माणसाची होते तशी. डोळे सताड उघडे, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या डोळ्यांत कुणीतरी होतं. ती विलासकडे बघत होती. तो लहान असताना बाजारातून घरी आली की बघायची तसंच.

विलासला भीती वाटली. आणि त्याच वेळी त्याला रडू आलं, ते त्यानं आवरलं नाही.

"आबा... पाय बदलू का नको?"

मेस्त्रींनी डोक्याला पटका गुंडाळला. सावकाश, एकेक वेढा. दारापर्यंत गेले, आणि मागं न वळता बोलले.

"दोनी अंगांना कठडा लाव... आन् पायथ्यालाबी एक उशी ठेव."