छाटलेली मल्लिका

पूर्वी गंगेकाठच्या कांपिल्य नगरात रेणुक नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका माळ्याच्या घरी जन्माला आला होता आणि पुष्यक या नावाने राजवाड्यामागची बाग सांभाळत होता. बागेत त्याचा एक भागीदार होता, गोभिल. काम दोघांचे, वाटाही दोघांचा सारखा. पुष्यक वयाने दहा वर्षांनी मोठा, म्हणून गोभिल त्याला दादा म्हणत असे.

गोभिल कामाला वाघ होता. उजाडायच्या आत तो बागेत हजर असे, आणि त्याने आखलेले वाफे दोरी धरल्यासारखे सरळ असत. त्याचा दोष एकच होता, हाती घेतलेले काम कुठे थांबवावे हे त्याला कळत नसे. अंगण झाडायला घेतले की कचऱ्यामागोमाग वरची मातीही झाडून काढी. रोपाला पाणी घालायला लागला की मुळे कुजेपर्यंत घाली. पुष्यक त्याला कधी टाकून बोलला नाही. आळशी माणसाला उभे करण्यापेक्षा धावत्याला आवरणे सोपे, असे तो घरी बायकोला म्हणे.

त्या बागेत मल्लिकेचे एक जुने झाड होते. राजमाता लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून त्याचे रोप तिने ओटीत घालून आणले होते. पुढे एका पुरात गंगेने तिचे माहेरचे गावच पोटात घेतले. आईबाप, भाऊ, घर, काही उरले नाही. दर चैत्री पौर्णिमेला त्या झाडाची पहिली फुले ओंजळीत घेऊन राजमाता नदीवर जाई आणि आपल्या माणसांच्या नावाने ती पाण्यात सोडी. पन्नास वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

एका वर्षी चैत्र लागला आणि पुष्यकाला काही रोपे आणण्यासाठी नदीपलीकडच्या गावी जावे लागले. निघताना तो गोभिलाला म्हणाला, "मल्लिकेला कळ्या धरल्या आहेत. एखादी वाळकी काडी दिसली तर काढ. बाकी हात लावू नकोस."

गोभिलाने मान डोलावली. तीन दिवस तो झाडाकडे नुसता पाहत राहिला. चौथ्या दिवशी त्याला एक वाळकी काडी दिसली. कोयतीने त्याने ती काढली. ती निघाली तशी त्या बाजूला खिंडार पडल्यासारखे वाटू लागले, म्हणून त्याने समोरच्या बाजूची एक फांदी कमी केली. आता डावी बाजू भारी दिसू लागली. ती उतरवली, तर उजवी उंच वाटली. झाड गोल, नेटके झाले तर पौर्णिमेला राजमाता खूश होईल, या एका विचाराने त्याचा हात चालत राहिला. ऊन डोक्यावर आले तेव्हा पाठ सरळ करायला तो दोन पावले मागे सरला.

त्याच्यासमोर गुडघाभर उंचीचे खुंट उभे होते. एक पान नव्हते. पायाशी फांद्यांचा ढीग पडला होता आणि त्या ढिगात हिरव्यापांढऱ्या कळ्या लगडलेल्या होत्या.

गोभिल मटकन खाली बसला. रेणुक राजा स्वभावाने वाईट नव्हता, पण रागाच्या भरात शिक्षा फर्मावी आणि फर्मावलेली शिक्षा कधी मागे घेत नसे. त्याच्या राज्यात राजाच्या वस्तूची नासाडी करणाऱ्याचा हात तोडत. वेशीजवळ त्यासाठी एक लाकडी ठोकळा कायमचा ठेवलेला होता. गोभिल आपल्या दोन्ही हातांकडे पाहत तिथेच बसून राहिला.

दिवस कलता कलता पुष्यक परतला. त्याने झाड पाहिले, गोभिलाला पाहिले, आणि काही न बोलता रोपांची पाटी खाली ठेवली. खुंटाजवळ बसून त्याने नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवे होते. मग तो ढिगाकडे वळला, एक फांदी उचलून वाकवून पाहिली आणि ओले फडके आणायला सांगितले.

गोभिल जागचा हलेना. तो म्हणाला की रागाव, मार, पण असा गप्प राहू नकोस. मी आत्ताच्या आत्ता नदी उतरून पलीकडच्या राज्यात निघून जातो, म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही.

"तू गेलास तर पाणी कोण घालणार?" पुष्यक म्हणाला. "या फांद्या अजून जिवंत आहेत. अंधार पडायच्या आत त्या मातीत गेल्या पाहिजेत. ऊठ."

दोघांनी वीत वीत लांबीच्या काड्या केल्या, विहिरीजवळच्या सावलीत वाफा करून त्या खोचल्या, आणि खुंटांच्या जखमांवर शेणमातीचा लेप दिला. काम संपले तेव्हा गोभिलाच्या ध्यानात आले की आपण इतका वेळ हातांची काळजी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजमातेची दासी फुले पाहायला आली आणि रडत परत गेली. थोड्याच वेळात दोघांना सभेत नेण्यात आले. राजाचा चेहरा संतापाने लाल झाला होता. शेजारी राजमाता बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिचे माहेर दुसऱ्यांदा बुडाल्यासारखे ते तोंड पाहून गोभिलाला ठोकळ्याची भीतीही लहान वाटू लागली.

राजाला पुष्यकाची नियत ठाऊक होती. तो म्हणाला की हे तुझे काम नव्हे. ज्याने केले त्याचे नाव सांग, आणि आजपासून माझ्या सातही बागांचा तू मुख्य हो.

पुष्यक म्हणाला, "महाराज, बाग आम्हा दोघांची आहे. फुलं आली की मी अर्धं श्रेय घेतो. मग आजचा दोषही अर्धा माझाच."

तेव्हा गोभिल पुढे आला. त्याने दोन्ही हात समोर धरले. "दादा गावात नव्हता," तो म्हणाला. "हे हात माझे आहेत."

राजाने शिपायाला खूण केली. शिपायाने गोभिलाचे मनगट धरले, तसा पुष्यक त्या दोघांच्या मध्ये उभा राहिला. त्याचा आवाज नेहमीसारखाच शांत होता.

"महाराज, कापलेली फांदी पुन्हा फुटते. कापलेला हात फुटत नाही. झाड मेलेलं नाही. मला ज्येष्ठाच्या पौर्णिमेपर्यंत मुदत द्या. तोवर मल्लिका फुलली नाही, तर याच्या हाताबरोबर माझाही घ्या."

राजा आईकडे पाहू लागला. मग ती म्हणाली, "चैत्र गेला तर जाऊ दे. नदी ज्येष्ठातही वाहते."

अशी मुदत मिळाली.

त्या वर्षी वैशाख फार कडक होता. पुष्यकाने खुंटांवर गवताचा मांडव घातला आणि गोभिलाला काम नेमून दिले. सकाळी एक घागर पाणी, संध्याकाळी एक घागर, आणि मधल्या वेळात काही नाही. दिवसभर खड्डे खणायला सांगितले असते तर गोभिलाने हसत खणले असते. पण हे काही न करणे त्याला सोसवेना. तो मांडवाभोवती फेऱ्या घाली, खुंटांकडे टक लावून बसे, पुन्हा उठे. पुष्यक अधूनमधून त्याच्याजवळ येऊन बसे आणि घरच्या, पिकापाण्याच्या गोष्टी काढी. झाडाचा विषय तो काढत नसे.

एकविसाव्या दिवशी एका खुंटावर तांबूस ठिपका दिसला. तीन दिवसांत सगळ्या खुंटांवर धुमारे फुटले. गोभिलाला रडू आले.

मग उष्ण वारा सुटला. तो तीन दिवस थांबला नाही, आणि कोवळे धुमारे माना टाकू लागले. पुष्यक तापाने घरी पडला होता. बागेत गोभिल एकटाच होता. त्याने खताची पाटी भरून आणली, पाण्याच्या पाच घागरी भरून ठेवल्या आणि पहिली घागर उचलली. झाडाच्या बुंध्याशी तो तशीच घागर घेऊन उभा राहिला. हात पुढे धावत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने त्यांना विचारले की हे झाडासाठी आहे की माझ्या जिवाला चैन पडावे म्हणून. त्याने एक घागर ओतली. बाकीच्या चार तशाच ठेवल्या, खताची पाटी परत नेली, आणि स्वतःचे उपरणे भिजवून मांडवाच्या वाऱ्याकडच्या बाजूला बांधले. ते वाळले की तो पुन्हा भिजवी. तीन दिवस त्याने एवढेच केले.

चौथ्या दिवशी वारा पडला आणि धुमारे पुन्हा ताठ उभे राहिले. ताप उतरल्यावर पुष्यक बागेत आला. त्याने भरलेल्या चार घागरी पाहिल्या, मांडवाला बांधलेले उपरणे पाहिले आणि गोभिलाच्या पाठीवर हात ठेवला. "आता तू माळी झालास," तो म्हणाला.

ज्येष्ठ लागला तशा प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला कळ्या आल्या. जिथे पूर्वी एक फांदी होती तिथे आता चार होत्या, आणि चारी भरलेल्या. पौर्णिमेच्या दिवशी मांडव काढला तेव्हा फुलांखाली पाने दिसेनाशी झाली होती. विहिरीजवळच्या वाफ्यात खोचलेल्या काड्यांपैकी शंभराहून अधिक जगल्या होत्या, आणि त्यांतल्याही कितीतरी रोपांवर एकेक फूल उमलले होते.

राजमाता अनवाणी बागेत आली. मागे राजा आणि सारी सभा होती. तिने ओंजळ भरून फुले घेतली. मग त्यातले एक उचलून तिने गोभिलाच्या उजव्या तळहातावर ठेवले आणि त्याची बोटे आपल्या हाताने मिटली.

राजा ते पाहत होता. दोन महिन्यांपूर्वी हाच हात त्याने तोडायला सांगितला होता. त्याने पुष्यकाला जवळ बोलावले आणि सात बागांचे मुख्यपण पुन्हा देऊ केले. पुष्यकाने हात जोडले.

"मला एक बाग पुरे आहे, महाराज. द्यायचंच असेल तर वेशीवरचा तो ठोकळा मला द्या."

राजाने ठोकळा दिला, आणि हात तोडण्याची शिक्षा त्या दिवसापासून कांपिल्यात बंद झाली. पुष्यक आणि गोभिल यांनी मिळून तो ठोकळा फोडला आणि त्याच्या लाकडाचे सरपण केले. वाढलेली रोपे राजमातेने स्वतःच्या हाताने नगरात घरोघर वाटली. पुढच्या चैत्रात गंगेवरून येणाऱ्या नावाड्यांना तट दिसायच्या आधीच वाऱ्यावरून कळू लागले की कांपिल्य आले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या याच बोधिसत्त्वाने, सांगितली ती एका भिक्षूच्या निमित्ताने. शिस्तीच्या आवेशात तो एका नवदीक्षिताला इतके कठोर बोलला होता की तो बिचारा चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, टाकून निघून गेला होता, आणि आता काही ज्येष्ठ भिक्षू या आवेशी भिक्षूलाच संघाबाहेर काढा म्हणत होते. कथा संपवून शास्ता म्हणाला, "त्या वेळचा गोभिल म्हणजे आजचा हा भिक्षू. राजमाता म्हणजे रोज दाराशी उभी राहून तुम्हाला भिक्षा वाढणारी वृद्ध उपासिका. रेणुक राजा आज इथेच, ज्येष्ठांच्या रांगेत बसला आहे. आणि पुष्यक माळी तो मीच होतो. भिक्षूंनो, चुकलेल्याला फुटायला अवधी देणे, आणि त्या अवधीत त्याच्याजवळ बसून राहणे, यालाच क्षांती म्हणतात."

ज्येष्ठांच्या रांगेतला एक वृद्ध भिक्षू उठला, आवेशी भिक्षूजवळ गेला, आणि ते दोघे मिळून त्या नवदीक्षिताला परत आणायला निघाले.