शिंपिणीच्या टाक्याची नोंदणी

"अंडी रोज मोजत जा गं," कावळेकाकू मला म्हणाल्या होत्या. मी तेव्हा पहिलटकरीण बुलबुल. अंडी तीन, ती काय मोजायची? शिवाय कावळेकाकू सगळ्यांवरच ओरडतात. मी मान हलवली आणि विसरले.

तर आमचं रान तसं चांगलं होतं. झाडं झाडांच्या जागी होती, सिंहमहाराज भाषणाच्या जागी. माझ्या शेजारच्या उंबरावर शिंपीणवहिनी राहायच्या. अंगठ्याएवढा जीव, पण चोचीनं पानाला भोकं पाडून, कापसाचा धागा ओवून अशी पिशवी शिवायच्या की वारा आला तरी आतलं अंडं हलायचं नाही.

एक दिवस महाराजांनी सांगितलं की रानातल्या कारागिरांची कला चोरीला जाते आहे. कोणी चोरली ते कोणाला माहीत नव्हतं, पण ऐकून सगळ्यांना वाईट वाटलं. "ज्याचा टाका, त्याचा ठेका!" महाराज गरजले. आम्ही पंख फडफडवले. मी तर दोन्ही.

कायदा झाला. जो आधी नोंद करेल, नमुना त्याचा. नोंदणी तळ्यावर, बगळेसाहेबांकडे, स्वतः हजर राहून, आणि फक्त आषाढात.

आषाढात आम्ही सगळ्याजणी अंड्यांवर बसलेल्या. रांगेला मोकळ्या अशा रानात एकट्या कोकिळाबाई. जन्मात घरटं बांधलं नव्हतं, त्यामुळे वेळच वेळ.

"शिवणकामाचा अनुभव?" साहेबांनी एका पायावरून विचारलं.

"लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरट्यांतच वाढले, साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं : सखोल संशोधन.

त्याच आठवड्यात वारुळाचा नमुना नागाच्या नावावर चढला आणि कोळ्याच्या जाळ्याचा पालीच्या. कारागिरांचा सत्कारही झाला. नागाला शाल दिली. ती कुठे घालायची यावर थोडी चर्चा झाली.

मग वहिनींना नोटीस आली, की हा टाका आता कोकिळाबाईंचा. "जरा माझ्या अंड्यांकडे लक्ष ठेवाल का हो? आलेच," म्हणून त्या तळ्यावर गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"साहेब, हा टाका माझा आहे. माझी आजी हाच घालायची."

"आजीचा अर्ज आहे?"

"अहो, आजी पक्षीण होती."

"म्हणजे तुमच्या घरात तीन पिढ्या हा नमुना विनापरवाना वापरला जातोय," साहेब हळहळले. "बाई, हे तुम्ही बोलायला नको होतं. मला आता लिहावं लागणार."

पण कोकिळाबाई मनानं मोठ्या. म्हणाल्या, "राहू दे हो, गरीब आहे. शिवू दे तिला. फक्त माझ्या नावाची आठवण म्हणून घरट्यात माझं एक अंडं ठेवावं." सगळ्या तळ्यानं टाळ्या वाजवल्या. वहिनींनी परवाना चोचीत धरून आणला.

"टाका तर वाचला," त्या मला म्हणाल्या. मीही "हो ना" म्हटलं.

त्यांची तीन आणि ते एक, अशी चार अंडी. आधी त्या एकातून पिल्लू बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी बाकीची तीन उंबराखाली पडलेली दिसली. चौकशी समितीनं वाऱ्याला दोषी ठरवलं. मी शेजारीच होते. त्या दिवशी पानसुद्धा हललं नव्हतं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि माझी पिल्लं लहान होती.

आता ते पिल्लू वहिनींच्या चौपट झालंय. घास भरवायला त्यांना त्याच्या खांद्यावर उभं राहावं लागतं. पिशवीची शिवण उसवत चालली आहे. आणि ते भल्या सकाळी तोंड उघडून अख्ख्या रानाला सांगतं, की हे घरटं मीच शिवलं, माझ्याआधी इथे नुसतं पान होतं.

मी आता माझी पिल्लं दिवसातून दोनदा मोजते. त्यामुळे उंबराकडे जाणं होत नाही. तुम्ही त्या बाजूनं गेलात तर वहिनींकडे जरा डोकावून या. पिल्लाचं काही काढू नका. "आमचंच आहे, अंगानं थोराड," असंच त्या म्हणतील. त्या स्वतः जेवल्या का, तेवढं मात्र विचारा.